कढईवाला रजेवर जाईपर्यंत

परवा पुन्हा कढईभर साबण बिघडला. तेल वेगळं, पाणी वेगळं. कढईवाल्याची दाढ सुजली म्हणून तो घरी, आणि कढई उतरवायची कधी, हे अख्ख्या कारखान्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. मी फोन केला.

"आजी, ते सांगून कळत नाही, बघावं लागतं."

"मग दाखवून ठेव की चौघांना."

"दाखवलं तर सगळ्यांना कळेल."

म्हणून आजच लिहायला बसले. मी, साबण कारखान्याची मालकीण, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावं. शाळेत फार गेले नाही, त्यामुळे कायद्याचे शब्द वकिलाचे, बाकी बोलणं माझं. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, थोरल्या मुलाने गोड बोलून लिहून घेतलेलं सर्वात आधी.

१. राहतं घर मुलीला. थोरल्याला तिथे जेवायला यायची मुभा आहे, सल्ला द्यायची नाही.

२. कारखान्यातली माझी उंच खुर्ची नातीला. ती फार प्रश्न विचारते अशी घरात तक्रार आहे. तिने खुर्ची कढईशेजारी मांडावी आणि विचारत सुटावं.

३. कढईवाल्याला दोष देऊ नये. अत्तरवालीने मोकळ्या मनाने दोन पोरींना वासाचं मिश्रण शिकवलं, तर आमच्या यजमानांनी तिलाच कामावरून काढून घरी बसवलं. "शिकवून झालं ना, आता तुझं काय काम?" तेव्हापासून सगळ्यांची दातखीळ बसली. त्यात थोरल्याने टूम काढली: ज्याच्यावाचून काम अडतं, त्याचा फोटो दरमहा भिंतीवर. मग काय, दुसऱ्याचं अडावं म्हणून जो तो झटू लागला. साबणाच्या वड्या कापणारी तर कापायची तार ओढताना पाठ फिरवते. फोटोची चौकट थोरल्याने घरी न्यावी, त्याचाच फोटो घालून.

४. कढईचा लांब पळा मी कापणारीला देते आणि तिची तार कढईवाल्याला. आता एकमेकांना विचारल्यावाचून दोघांचाही हात हलायचा नाही. भांडतील. भांडू द्यावं, भांडताना माणूस पुष्कळ सांगून जातो.

५. कारखाना थोरल्याचाच, पण लगेच नाही. कढईवाला खुशाल रजेवर जाईल आणि त्याच्यामागे साबण नीट उतरेल, त्या दिवशी. मधल्या काळात शिकवलं म्हणून थोरल्याने कुणाला काढलं, तर कारखाना मुलीला. तोवर कारभार अत्तरवाली पाहील. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, जिथून मला काढलं तिथे मी कारभारीण?"

म्हटलं, "म्हणूनच."

स्थळ: माझं स्वयंपाकघर, खिडकीशी
दिनांक: ९ जून
सही: मालकीण (अंगठा नाही, सहीच)

साक्षीदार:
१. दाताचे डॉक्टर (सही)
२. समोरची शिंपीण (सही)

हे वाचून थोरला साक्षीदारांना फोन करेल. त्यांनी उचलू नये. जे विचारायचं ते त्याने अत्तरवालीला विचारावं. उत्तर तिनेच द्यायचं, आणि त्याला कळेपर्यंत द्यायचं.