संगीतिकेतली झोपलेली राजकन्या

मंगला गौरी, वाराणसी
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास शरूचा नमस्कार.

देवदिवाळीची गर्दी ओसरली, आता गल्लीतून नीट चालता येतं. माझे गुडघे बरे आहेत. वहिनींची शुगर कशी आहे? वरच्या भाडेकरणीचं रोज सकाळी "दीदी, पानी नहीं आया" चालूच आहे.

तुझ्या लेकीने, अवनीने, तुझ्या संगीतिकेचा व्हिडिओ पाठवला. तीनदा पाहिला. पुण्याच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा इथे मीही एकटीच उभी राहिले.

ढगांची राणी! आपण छतावर चादरीचा पडदा लावून खेळायचो, तोच खेळ. तू पेटीवर, मी राजकन्या, आणि आई गव्हातले खडे वेचता वेचता आपल्याला चाल सुचवायची. तिची ती चाल तू सबंध वाद्यवृंदाला दिलीस. मला रडू आवरेना.

पण दादा, तुझा राजा राक्षस आहे. तो राणीला हाकलून देतो, राजकन्या झोपलेली असते, आणि राजपुत्र नदीला, पाखरांना विचारत फिरतो. राणी कुठे गेली ते कुणीच पाहिलेलं नसतं.

बाबा तसे नव्हते रे. त्यांनी आईचा तंबोरा माळ्यावर टाकला, तिचं गाणं बंद केलं, हे खरं. ते चुकलेच. पण घरातून जा, असं ते कधी म्हणाले नाहीत. ती गेल्यावर तीन दिवस ते शिंदे घाटापासून दशाश्वमेधापर्यंत नावाड्यांना विचारत हिंडले. तू मात्र चार वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीस, अठराव्या वर्षी घर सोडलंस. बाबा गेले, तेव्हा तेराव्यालाही आला नाहीस.

हे सगळं आज का काढते आहे? कारण मी झोपले नव्हते.

ज्येष्ठातली दुपार होती. बाबा पाठशाळेत, तू आतल्या खोलीत गाढ झोपलेला. आई जांभळं पातळ नेसून, पिशवी घेऊन दाराशी उभी होती. माझे डोळे उघडे पाहून ती जवळ आली.

"दादा उठला की हे त्याला दे. बाबांना दाखवू नको."

"तू कुठे चाललीस?"

"दादा सांगेल तुला," म्हणाली, आणि माझी वेणी सोडून पुन्हा घातली. मग गेली.

हातात बंद लिफाफा होता. मी आठ वर्षांची. मला वाटलं, हे वाचून तूही तिच्यामागे जाशील आणि मी एकटी राहीन. मी तो माझ्या भातुकलीच्या डब्याच्या तळाशी लपवला. तू घर सोडलंस, त्या आठवड्यात उघडला.

आत जबलपूरचा पत्ता होता. तिला तिथल्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी मिळाली होती. "तू लिहिलंस की तुम्हा दोघांना न्यायला येईन. नाही लिहिलंस, तर तुम्हाला यायचं नाही असं समजेन. रागावू नकोस, बाळा."

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. बाबा अगदी एकटे पडतील, असं स्वतःला सांगत राहिले. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तू माझं तोंड पाहणार नाहीस, याची भीती होती. त्या भीतीत पन्नास वर्षं गेली.

तुझी संगीतिका पाहिल्यावर मी त्या पत्त्यावर पत्र टाकलं. काल उत्तर आलं. आईच्या एका विद्यार्थिनीचं, गीताबाईंचं. आता त्या घरात त्याच राहतात. आई चौऱ्याण्णव साली गेली. आजारी नव्हती फारशी, झोपेतच गेली. गीताबाई लिहितात, "पोस्टमन गल्लीत आला की बाई शिकवणी थांबवून स्वतः दार उघडायला जायच्या. कुणाच्या पत्राची वाट पाहता, हे आम्ही कधी विचारलं नाही."

हे वाक्य मी काल किती वेळा वाचलं, सांगता येत नाही.

आईची चिठ्ठी आणि गीताबाईंचं पत्र सोबत पाठवते आहे. दोन्ही तुझीच. बाबांना माफ कर. माझं काय करायचं, ते सावकाश ठरव. मी जबलपूरला जाणार आहे, आई राहिली ती खोली पाहायला. कालच ठरवलं, पण एकटीने तिथे पाऊल टाकायची हिंमत होत नाही. तू सोबत यायला हो म्हणेपर्यंत तिकीट काढत नाही.

तुझ्या रागालाही जिची ना नाही,
अशी तुझी धाकटी,
शरदिनी