एका इंजिनाला एकच हात

३ मार्च

दादाला अक्कल नाही. झालं, लिहून टाकलं, आता जरा बरं वाटतंय.

गाडी जुनी, इंजिन लहान. इंजिनाच्या त्याच ठोकळ्यात मोठ्या इंजिनाची क्रँक — पिस्टनना जोडलेला फिरता दांडा — बसवायची, म्हणजे पिस्टनची धाव वाढते आणि गाडीला ताकद येते. स्वस्तात होण्यासारखं एवढंच आहे. तर हा म्हणतो, नवी घडीव क्रँक मागवू. "गाडी मी चालवणार, जीव माझा जाणार." अरे, चढाच्या शर्यतीत तू इंजिन किती पळवणार आहेस ते मला ठाऊक आहे. तेवढ्याला ओतीव क्रँक पुरते. भंगारातली चांगली बघून घेऊ, नीट घासून घेऊ, आणि हात सैल सोडायचाच तर बेअरिंगसाठी सोडू. क्रँक तुटायच्या आधी बेअरिंग जातं. अप्पांनी हे आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. हा तेव्हा गाडीच्या आरशात केस बघत होता.

५ मार्च

भंगारवाल्याकडे तीन क्रँक. टांगून हातोडीने वाजवल्या. दोन भद्द बोलल्या, म्हणजे कुठेतरी चीर. तिसरी घंटेसारखी वाजली. घेतली. दादा गाडीत बसून फोनवर.

८ मार्च

बेअरिंगवाला मला म्हणतो, "मॅडम, हे न्या, सगळे हेच नेतात." वरून मऊ थर आहे का, विचारलं. "बेअरिंग ते बेअरिंग," म्हणे! मऊ थर असला की तेलातला कचरा बेअरिंगच पोटात घेतं, क्रँकला ओरखडा येत नाही. हे मी सांगतेय, तर तो माझ्याकडे पाठ करून दादाशी बोलायला लागला. दादाला बेअरिंगची पुढची बाजू कुठली तेही माहीत नाही. तीन थरांचा संच घेतल्याशिवाय उठले नाही. संध्याकाळपर्यंत डोकं तापलेलं होतं.

१४ मार्च

क्रँक घासून आली. घासली शिष्याने. हा अप्पांच्या हाताखाली शिकला, आता स्वतःचं दुकान आहे, पण आमच्या घरात अजून शिष्यच.

माप अप्पांनी घेतलं. आमच्याकडे नियमच आहे — एका इंजिनाला एकच हात. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा मायक्रोमीटर, तो किती आवळायचा ते ज्याच्या त्याच्या हातावर, दोघांनी मापलं की घोळ. म्हणून अप्पा मापतात, आकडा सांगतात, मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवर खडूने लिहिते. फ्रॉक घालत होते तेव्हापासून.

"जाडी जास्त आहे गं. शंभरातले तीन अजून घ्यायला सांग." परत पाठवली. शिष्य फोनवर नुसतं "बरं" म्हणाला. पहिल्याच खेपेला नीट करायला काय झालं होतं?

वर अप्पांची कुरकुर. उजेड नाही, बल्ब बदल. परवाच तर बदलला! पुन्हा बदलला.

१८ मार्च

क्रँक ठोकळ्यात ठेवली, बेअरिंगमध्ये फट मोजायची मेणाची तार घातली, आवळली, उघडून बघितलं. तार चांगली चपटी व्हायला हवी. जेमतेम दबली होती. पाचही बेअरिंगांत! एवढी फट राहिली तर तेलाचा दाब टिकणार नाही. अर्ध्या चढात बेअरिंग वितळणार, इंजिन जाम, चाकं जाम. तेही वळणावर. आणि आत दादा.

तो काय म्हणतो? "जाड ऑइल घालू, चालून जाईल." माझ्या हातात पाना होता. आधी तो खाली ठेवला, मग बोलले. काय बोलले ते इथेही लिहिण्यासारखं नाही.

१९ मार्च

बेअरिंगवाल्याशी भांडून दुसरा संच आणला. तेच. म्हणजे क्रँकच जास्त घासली गेलीय. तडक शिष्याच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, माझ्या मापाने ती पहिल्यांदाच बरोबर होती."

मग परत घासलीस कशाला?

"अप्पांनी सांगितलं ना. त्यांना उलट कोण बोलणार?"

वा रे वा. चूक ह्याची आणि नाव अप्पांचं! ज्याने मशीनला हात लावायला शिकवलं त्याच्यावरच ढकलतो. अप्पांना यातलं काही सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेतील.

आता पुढच्या बारीक मापापर्यंत घासायची आणि त्या मापाची बेअरिंगं लावायची. ते शेवटचं माप. त्याखालची बेअरिंगं या इंजिनाला मिळतच नाहीत. आता चुकलं तर क्रँक भंगारात आणि शर्यतीवर पाणी.

२० मार्च

दादाशी अबोला. जेवताना मीठ मागितलं, दिलं नाही.

२४ मार्च

क्रँक आली. अप्पांनी मापली. "जास्त आहे. शंभरातले तीन अजून घ्यायला सांग."

पुन्हा तेच! पुन्हा तेवढंच! हा माणूस मुद्दाम करतोय का? फोन केला, उचलत नाही. उद्या सकाळी क्रँक त्याच्या दारात नेऊन आपटते. समजतो कोण स्वतःला!

२५ मार्च

निघताना अप्पांना म्हटलं, एकदा परत मापा, त्याच्या तोंडावर आकडा मारायचाय. क्रँक मी समोरून धरली होती, त्यामुळे आज हातात खडू नव्हता, पाठही फिरवलेली नव्हती. त्यांनी मायक्रोमीटर लावला, हलक्या हाताने आवळला, काढला, बल्बखाली डोळ्यांपाशी नेला आणि आकडा सांगितला. कालचाच.

मायक्रोमीटरच्या रेघांची बाजू माझ्याकडे होती. त्यांच्याकडे नुसतं कोरं लोखंड. मी वाचलं. माप बरोबर होतं, अगदी हवं तेवढंच.

"लिहिलंस?"

त्यांनी सांगितलेला नाही, मी वाचला तो आकडा भिंतीवर लिहिला, चांगला मोठा. अप्पांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर."