घोडे जमा करायचा हुकूम

प्रिय राणीसरकार,

परवा तुझ्या आजोबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्या घटकेपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कॉलेज सोडून पोरगा उनाडतोय म्हणून त्यांनीच मला त्यांच्या रिसाल्याचा इतिहास लिहायला बसवलं. पहिलं महायुद्ध त्यांनी पलंगावर मांड ठोकून सांगितलं. तू चहा घेऊन आलीस की मी नदीचा प्रसंग मुद्दाम पुन्हा विचारायचो. त्यामुळे आपल्या इतिहासात रिसाला तीनदा नदी ओलांडतो.

दुसऱ्या महायुद्धाला आले आणि तुटक बोलायला लागले. घोडे गेले होते, चिलखती गाड्या आल्या होत्या. पण स्वारांची सवय जाईना. मुक्कामाला थांबले की आधी गाडीच्या रेडिएटरला पाणी, मग स्वतःच्या घशाला. गाडी उतार नीट उतरली की आजोबा तिच्या पत्र्यावर थाप मारून शाबास म्हणायचे. मी हसलो. ते हसले नाहीत.

मग म्हणाले, त्याआधीचं ऐक. हुकूम आला, घोडे जमा करा. ज्याचा लगाम त्यानेच नेऊन द्यायचा. आजोबांनी घोडी दिली, सलाम ठोकला, बराकीत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी कळलं, शेजारच्या खाटेवरच्याने साहेबाला सरळ विचारलं होतं, माझा घोडा शिकाऊ पोरांसाठी इथेच ठेवता का. साहेब म्हणाला, ठेवतो. "मला विचारायचं सुचलंच नाही रे," एवढं बोलून त्यांनी पेन घेतलं. पुढचं लिहू नकोस म्हणाले.

तुला घोडीची उपमा देतोय म्हणून भडकू नकोस, भडकायचं खातं माझ्याकडे आहे. कालपासून खोलीत येरझारा घालतोय. आज संध्याकाळी पाहुणे तुझं लग्न ठरवायला येणार. मी तुझ्या दादाशी भांडलो, माझ्या आईशी भांडलो, स्थळ आणणाऱ्या तुझ्या मावशीला तर फोनवर नाही नाही ते बोललो. फक्त तुला एका शब्दाने विचारलं नाही. वर्षभर तुमच्याच घरात बसून, तुला ठाऊक असेलच, असं धरून चाललो.

म्हणून हे पत्र. माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणालीस तर वाद न घालता परत फिरेन, आयुष्यात पहिल्यांदा. हो म्हणालीस तर पाहुण्यांच्या देखत तुझ्या बाबांशी बोलेन. पोस्टाचा भरवसा धरवत नाही, हातातच देतो. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, जेवायच्या वेळी कुठे निघालास. या ओळी उभ्यानेच लिहितोय, चपला घातल्यात. निघालो, दार लावून घेतो.

तुझाच,
तुझे बाबा म्हणतात तो कॉलेजबुडव्या