बुकात लिहिलंय पेट्रोल

३ एप्रिल १९७३

"दिवा न लावता जेवायला बसणाऱ्या मायबहिणींनो! तुमच्या वाट्याचं रॉकेल कोण पितं?" – आज पारावर पहिलंच वाक्य हे टाकलं. मागून छबुबाई ओरडली, "नाव घ्या की आप्पा! कावून भेता?"

मग घेतलं. बंकट. सोसायटीच्या रेशन दुकानाचा सेल्समन. घरटी चार लिटर यायला हवं, हा दोन देतो. बाकीचं जातं कुठं? टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांत कुणीतरी म्हणालं, "हातच तोडा त्याचा." आणि लोक हसले.  

५ एप्रिल

पाण्याच्या चारही खेपा आल्या. सोसायटीची गाडी सन बेचाळीसची, लष्कराच्या लिलावातली. तिच्यावर पाण्याची टाकी बसवलीय. गोदावरीच्या पात्रातल्या विहिरीवरून पाणी आणते. फेब्रुवारीपर्यंत दोनच खेपा व्हायच्या. मी तहसीलसमोर दोन तास बोललो आणि चार झाल्या. वाडी म्हणते, हे आप्पाच्या जिभेचं पाणी. ऐकून बरं वाटतं. कशाला खोटं लिहू, इथं कोण वाचतंय!

९ एप्रिल

मोटार इन्स्पेक्टर येऊन गेला. टंचाईच्या कामावरच्या जुन्या गाड्यांची यादी करतोय – कोणत्या सालची, नोंदणीच्या बुकात इंधन कोणतं. तालुक्यात पंचवीस वर्षांवरच्या अकरा गाड्या नोंदलेल्या आहेत म्हणाला. नऊ पेट्रोलच्या, दोन डिझेलच्या. मी हौसेनं विचारत बसलो होतो.

आमच्या गाडीचं बुक पाहिलं – पेट्रोल. मग तहसीलचा पेट्रोल मंजुरीचा कागद पाहिला. "हे तर दोनच खेपांचं आहे. दोनच करता ना?"

"हो," म्हणालो.

का म्हणालो? विचार करायच्या आत तोंडातून गेलं.

वीस-पंचवीस दिवसांत येऊन गाडी उघडून बघणार आहे. बुकात एक आणि इंधनाच्या टाकीत दुसरं सापडलं तर गाडी जप्त. मागच्या आठवड्यात अशी एक ओढून नेली म्हणे. तो गेल्यावर गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. कंदिलाचा वास येत होता.

१० एप्रिल

ड्रायव्हर शहादेवला गाठलं. तो आधी हसलाच. "तुमाला ठावंच न्हाई व्हय आप्पा?"

इंजिन पेट्रोलवर तापवायचं, मग नळीची चावी फिरवून रॉकेल सोडायचं. धूर होतो, चढाला दम लागतो, पण चालतं. सकाळच्या दोन खेपा पेट्रोलवर, दुपारच्या दोन रॉकेलवर.

"रॉकेल कुठलं?"

"बंकट देतो की. दुसरं कोन देनार, तुमचं भाषन?"



१२ एप्रिल

बंकटकडे गेलो. गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून मगच दार वाजवलं – मी!

म्हणाला, "या. भाषन लई भारी झालं म्हनं. यायचं व्हतं, पन चोरानं कसं यावं?"

मी विचारलं, गप्प का बसलास? माझ्या तोंडावर का नाही बोललास?

"चार मानसात बोललो की इन्स्पेक्टरपत्तूर जाईल. गाडी गेली तर अख्ख्या वाडीचं पानी जाईल. चोर म्हनलं तर माझं एकट्याचंच जातंय. म्हना तुमी. तुमाला जमतंय बी चांगलं."

सुभद्राबाई, त्याची बायको, चहा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या कोपराला फडकं बांधलेलं. टँकरवर बायकांनी ढकललं.

१५ एप्रिल

त्याच्या दारावर दगड पडले. भर दुपारी. फेकणाऱ्यांना मी नावानिशी ओळखतो. एकानं मला हात केला, शाबासकी मागावी तसा.

चेअरमन अर्जुनराव सांगून गेले – बावीसला सभा, बंकटला पोलिसांत द्यायचा ठराव. "तुमीच मांडा आप्पा. तुमच्यावानी कुनाला येतंय?"

फ्रान्सच्या क्रांतीवर मी तास-तास बोललोय. गर्दी कशी पेटते, कुणाकडं वळते, सगळं पाठ आहे. पण गर्दी माझ्याच वाक्यानं चालताना कधी पाहिली नव्हती. आता पारावरून जाणं टाळतो.

१९ एप्रिल

खरं बोललो तर इन्स्पेक्टर गाडी नेईल. गप्प बसलो तर बंकट जाईल. रोज हेच, इकडून तिकडून. आणि तिसरं एक आहे, तेही लिहून टाकतो – चार खेपा माझ्या नव्हत्या, हे लोकांना कळेल. कशाची भीती जास्त आहे, विचारू नये.

तरी भाषण लिहिलं. "मायबहिणींनो, चोर मी दाखवला तो चोर नाही. तुमच्या दिव्यातलं रॉकेल तुमच्याच घागरीत आलंय. उद्या सगळ्या माझ्याबरोबर तहसीलात चला, आणि चार खेपांचं पेट्रोल मंजूर होईपर्यंत दारातून हलू नका!"

चांगलं झालंय. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं.

२२ एप्रिल, रविवार

दहाला सभा. कागद खिशात आहे. 

२३ एप्रिल

काल ठराव मीच मांडला. एकमतानं मंजूर झाला.

उभा राहिलो तेव्हा समोरून "आप्पा! आप्पा!" सुरू झालं, आणि कागद खिशातच राहिला. बंकट खाली बघत बसला होता. एकदा मान वर केली – ओळख दिली नाही.

पोलिसांनी त्याला नेलं. दुकानाला सील लागलं, आतल्या रॉकेलच्या पिंपासकट. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आज दोनच खेपा आल्या. छबुबाई रिकामी घागर घेऊन दारात उभी आहे – "आप्पा, तहसीलात एकदा बोला की पुन्ना."

ऊठ. भाषण नको. चप्पल घाल, ठाण्यात जा आणि सांग, रॉकेल कुठं गेलं.