टेबल चारचे शून्य

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक साहेब,
रबर विभाग, चाकण कारखाना.

विषय : तपासणी टेबल क्र. ४ बंद करण्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : दि. १७ फेब्रुवारीच्या बैठकीत पडद्यावर दाखवलेला आलेख (लाल रेघ).

महोदय,

१. मी खाली सही करणार बाई दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणारे रबरी सील तपासण्याचे काम टेबल चारवर अकरा वर्षे करत आले. सील उजेडात धरायचे, कडेवरून बोट फिरवायचे, चीर लागली की लाल क्रेटमध्ये टाकायचे. एका सीलला एक ओवी, हे माझे माप आहे :

काळ्या रबराची कडा, बोटानं चाचपिते
कुणाच्या गं लेकराची, वाट मी सांभाळिते

रिपोर्ट तयार करणाऱ्या निरंजन साहेबांनी घड्याळ लावून पाहिले. ओवी अकरा सेकंदांची भरली. नियमात बसते, असे त्यांनीच लिहून दिले.

२. माझ्या टेबलावर येणारा माल चार नंबरच्या साच्यातला. तो साचा कडेला झिजला आहे, हे मी दोन वर्षे तोंडी सांगत आहे. म्हणून माझ्याकडे शंभरात अकरा सील बाद होत, इतर टेबलांवर दोन-तीन. परंतु रिपोर्टात रकाना टेबलाचा आहे, साच्याचा नाही. सबब सगळ्यात वाईट टेबल चार, असे ठरले. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या ताटात खडे दिसले म्हणून ते तिनेच आणले, असे आमच्या घरात अजून कुणी म्हटलेले नाही. घरात रिपोर्ट निघत नाही, हेही खरे.

३. दि. ३ ते ११ फेब्रुवारी मी रजेवर होते. लेक दिव्या बार्शीला बाळंत झाली. त्या आठ पाळ्यांत टेबल चारवर कुणालाच बसवले नाही. माल साच्यातून थेट पॅकिंगला गेला. तपासलाच नाही, तेव्हा बादही काही झाले नाही. बैठकीत लाल रेघ अकरावरून शून्यावर आलेली दाखवली, टाळ्या झाल्या. मी त्याच दिवशी नातीची बर्फी वाटत होते. ती सगळ्यांनी शून्याची समजून खाल्ली. निरंजन साहेब कौतुकाने म्हणाले, "ताई, तुम्ही नव्हता तर आलेख किती छान आला बघा." दुसऱ्या दिवशी टेबल कायमचे बंद झाले आणि मला पॅकिंगला धाडले. मी साच्याचे पुन्हा सांगितले. साहेब वाईट मनाचे नाहीत. म्हणाले, "तुमचं खरं असेल ताई, पण त्याला रकाना नाही."

४. चार गेल्यावर यादीत सगळ्यात वर टेबल दोन आले. कुणीतरी वर असणारच. आता तेही बंद करण्याचे चालले आहे. म्हणून उरलेल्या टेबलांवरच्या बाया लाल क्रेटकडे हात नेताना आखडता घेतात. नावे विचारू नयेत.

५. गेल्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्या संत तुकाराम नगरातील गॅरेजवाला शहेबाज याने मला हाक मारली. त्याच्यापुढे दोन महिन्यांची नवी गाडी उघडून ठेवलेली, ब्रेक तेलाने ओला. त्याने तळहातावर सील ठेवले. कडेला आमच्या साच्याचा चारचा आकडा उठलेला आणि त्याच्याच शेजारी चीर. "मावशी, हे तुमच्याच कंपनीचं ना? ब्रेक लागलाच नाही. गाडीवरची बाई दुभाजकावर गेली, हात मोडलाय." मी हो म्हटले. खोटे बोलायला तिथे जागा नव्हती.

६. तरी विनंती की,
(अ) टेबल चार उघडावे. माझ्या जागी दुसरी कुणी बसली तरी चालेल, तिचे बोट जागे असावे.
(ब) रिपोर्टात साच्याचा एक रकाना वाढवावा.
(क) हे जमणार नसेल आणि शून्यच हवे असेल, तर टेबल एक, दोन, तीन यांनाही रजेवर धाडावे. या उपायाचा आठ पाळ्यांचा अनुभव कंपनीकडे आहेच.

७. शेवटी एक कबुली. शुक्रवारपासून मी पॅकिंगला बसून, कुणाची परवानगी न घेता, चार नंबरच्या साच्यातले प्रत्येक सील बोटाने तपासते आणि मगच खोक्यात भरते. पाळीला चार हजार भरायची, आता बाराशे भरतात. तीन पाळ्यांत तीनशे नव्वद फाटकी निघाली. पॅकिंगला लाल क्रेट नसते, म्हणून ती माझ्या डब्याच्या पिशवीत आहेत. या आठवड्याच्या रिपोर्टात पॅकिंगची रेघ खाली जाईल. ती पॅकिंगच्या सुपरवायझर विजयश्री मॅडमच्या नावावर मांडू नये, त्यांचा यात दोष नाही. ती माझ्या नावावर मांडावी. उद्याची पहिली पाळी माझीच आहे, आणि उद्याही बाराशेच भरतील.

कळावे, निर्णयाची वाट पाहते.

आपली नम्र,
(सही)
शालन दत्तोबा वाघचौरे
पूर्वी टेबल चार, सध्या पॅकिंग
दि. १८ मे २०२५

सोबत : १) रजा मंजुरीची प्रत. २) आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो. ३) शहेबाजने दिलेले सील, एक, कागदाच्या पुडीत. पुडी उघडताना हात पुसायला फडके घ्यावे, तेल अजून ओले आहे.