कुलूप लावलेली लाल गाडी

मंगळवार, सांजच्याला

डोकं लय तापलंय माझं. पाय गेला तसं ह्यांचं ट्रक चालवणं बंद झालं. म्हणून पोरीनं कंप्युटरला स्टेरिंग जोडून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून दिला, त्यात हातानंच ब्रेक मारता येतो. त्याचे दर म्हैन्याला पैसे भरायचे, वर गाडी येगळी इकत घ्यायची. ह्यांनी लाल गाडी घेतली. ह्या म्हैन्याचं भरायचं राह्यलं, तर गाडीला कुलूप!

"आवं, इकत घेतली ना तुमी?"

"अगं, गाडी आपली, पन दावण कंपनीची."

आसलं कसलं इकत घेणं? बोरीच्या मावशीची शेळी मी अर्धलीनं पाळली. शेळी तिची, राखण माझी, तरी दोन करडांतलं एक माझं झालं. हितं काय? उद्या कंपनीनंच दुकान गुंडाळलं तर लाल गाडी कुटं जाईल? लोकं तरी किती दिस भरत राहतेल?

"नको भरू, मी काय लेकरू हाय का?" हे म्हणले. पन बंद पडद्यापुढं बसून स्टेरिंग वळवायलेत.

उद्या भरते. त्या चोरांना द्यायचं जिवावर येतंय, पन ह्यांचे ते हात बघवत न्हाईत.