बाबांना सांगितलेला विषय

१५ जुलै, पेण

रोह्याच्या कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी आज मी भाषणाचा विषय देऊन बसले: पीओपीच्या मूर्तींवर बंदी हवी. आणि घरी आमचा कारखाना त्याच मूर्तींनी भरलेला. मला खरंच तसं वाटतं, की नुसत्या टाळ्या हव्यात? वाटतं. विसर्जनानंतर खाडीकाठी न विरघळलेले चेहरे बघितलेत मी, डोळे तसेच उघडे. त्यातले काही मीच आखलेले असतील.

संध्याकाळी डोळे आखायला बसले तेव्हा बाबांनी विचारलं, "विषय काय घेतलास गो?"

"गणपती." एवढंच म्हणाले.

"मग मी येतो ऐकायला. त्या दिवशी कारखाना बंद ठेवू."

ऐन सीझनमध्ये. काकांच्या दहाव्यालाही तो बंद नव्हता.

हातातल्या मूर्तीचा डोळा तिरका गेला. बाबांनी तो पुसून नीट आखून दिला.